उजवा कौल

माझ्या नावाचा एक काचेचा ठोकळा आहे. साबणाच्या वडीएवढा, हाताला जड, आणि आत मधोमध सोनेरी रंग दिलेला एक काजूगर. आमच्या धंद्यात एखादी कंपनी विकली गेली की त्या व्यवहारावर राबलेल्या प्रत्येकाला असा ठोकळा देतात. हा माझा पहिला. तो गावच्या घरी टीव्हीशेजारच्या फळीवर असतो आणि आई तो रोज पदराने पुसते. दर खेपेला घरी गेले की तो उचलून विहिरीत फेकावा असं मला वाटतं, आणि दर खेपेला मी तो तिथेच ठेवून परत येते.

मुंबईच्या इन्व्हेस्टमेंट बँकेत मला ॲनालिस्टची नोकरी लागली तेव्हा आमच्या वाडीत कोणालाही काही कळलं नाही. आत्येने तर मला पासबुक भरून आणायला सांगितलं. मग मी एक सोपं उत्तर तयार केलं. गुरांच्या बाजारात दलाल असतो ना, टॉवेलाखाली बोटं धरून भाव ठरवणारा? तेच आमचं काम. फक्त एसीत बसून, आणि गुरांच्या जागी कारखाने. हे ऐकून बाबा हसला नव्हता. तो म्हणाला, "गुरां तरी हंबरतत."

नोकरी लागण्याआधी बाबाने माझ्यासाठी कौल लावला होता. आमचं घराणं गुरवाचं. देवळातल्या पाषाणाला हात लावायचा मान आमच्याकडे, आणि कौल लावायचा तर फक्त बाबाकडे. ज्यांनी हे कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पाषाणाच्या उजव्या अंगाला आणि डाव्या अंगाला एकेक ओली पाकळी अंगठ्याने दाबून चिकटवायची. मग देवाला गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा आणि वाट बघत उभं राहायचं. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. विहीर कुठे खणायची, सोयरीक करायची की नाही, बाईचं ऑपरेशन कोल्हापुरात करायचं की गोव्यात, सगळं आमच्याकडे पाकळीवर ठरतं. माझी मुंबईही पाकळीवरच ठरली. उजवी पडली आणि मी गाडीत बसले.

ऑफिसात नावाने हाक मारायची पद्धत होती, पण ज्याच्या हाताखाली मी पडले त्याला इथे साहेबच म्हणते. माझ्याहून जेमतेम सहा-सात वर्षांनी मोठा, शर्टाला कधी चुणी नाही, आणि आवाज कधीही चढवायचा नाही. तिसऱ्याच आठवड्यात माझ्या कागदांवर दोन कंपन्यांची बोधचिन्हं खालीवर झाली. साहेबाने ड्रॉवरमधून पट्टी काढली, कागदावर ठेवली आणि सगळ्यांसमोर मला मोजायला लावलं. "किती?" दोन मिलिमीटर. "मोठ्याने." दोन मिलिमीटर! "तुमच्या गावात सरळ रेषा नसते का गं?" सगळे हसले. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले आणि डोळे धुऊन परत येऊन बसले.

पण मी कोणी गरीब गाय होते असं समजू नका. दोन महिन्यांनी आणखी एक मुलगी आली. तिच्या तक्त्यात बेरीज चुकली तेव्हा सगळ्यांत आधी मी हसले. साहेबाने माझ्याकडे पाहून मान हलवली, आणि काय सांगू, दिवसभर माझे पाय जमिनीला लागले नाहीत! त्या मान हलवण्यासाठी मी काहीही केलं असतं. पुढे केलंच.

सहाव्या महिन्यात काजूचं काम आलं. एका मोठ्या कंपनीला कोकणातला एक काजू कारखाना घ्यायचा होता, आणि आमची बँक त्या घेणाऱ्या कंपनीच्या बाजूने होती. फाईल उघडली आणि मी पत्ता दोनदा वाचला. नांदगाव स्टेशनापासून रिक्षाने वीस मिनिटं, आमच्याच गावच्या वेशीवरचा कारखाना. माझी आई तिथे मी शाळेत होते तेव्हापासून काजू फोडत होती. बी फोडताना टरफलातून तेल उडतं आणि कातडी जाळतं, म्हणून बायका हाताला राख फासून बसतात. तरी बोटं काळी होतातच. शाळेत पालकांची सभा असली की आई हात पदराखाली धरून बसायची.

मी हे साहेबाला सांगितलं. लपवायला हवं होतं, पण मला वाटलं भाव वाढेल. वाढला. "व्वा! म्हणजे घरचा माणूस आहे आपल्याकडे," तो म्हणाला आणि सगळा तक्ता माझ्याकडे दिला. त्या दिवसापासून मला ऑफिसात 'काजू' म्हणायला लागले. मला ते आवडायचं.

तक्ता म्हणजे पुढच्या पाच वर्षांचा कारखाना कागदावर चालवून बघायचा. त्यात एक ओळ होती, फोडणीच्या म्हणजे काजू फोडणाऱ्या बायकांची. साठेक बायका. घेणाऱ्या कंपनीकडे घाटावर मोठं यंत्र होतं. कच्ची बी तिकडे न्यायची, इथला हॉल बंद करायचा आणि फक्त कारखान्याचं नाव आणि गिऱ्हाइकं ठेवायची, असा त्यांचा बेत. साहेब म्हणाला, दुसऱ्या वर्षापासून ती ओळ शून्य कर. मी एका बोटाने शून्य टाइप केलं. एकदा टाइप केलं की पुढच्या चौकोनांत ओढून न्यायला माउस पुरतो. त्या ओळीत माझी आई होती, शेजारची काकी होती, मला लहानपणी न्हाऊ घालणारी बाई होती. खालची बेरीज सुंदर दिसायला लागली. साहेबाने माझ्या खुर्चीच्या पाठीवर थाप मारली.

कारखान्याचा मालक म्हातारा होता. सगळे त्याला शेठ म्हणायचे. तरुणपणी बोटीवर नोकरी केली, मग गावात येऊन पत्र्याच्या शेडमध्ये पहिली भट्टी लावली. मुलगे परदेशात आणि कोणाला काजूत रस नव्हता, म्हणून तो विकायला तयार झाला होता. साहेब आणि मी त्याच्याकडे गेलो. शेठने चहा, खाजं आणि काजूची बशी पुढे ठेवली. कागद वाचले, चष्मा काढला आणि शुद्ध मराठीत एकच विचारलं, "माझ्या बायकांचं काय?"

साहेबाने मला खूण केली. गावच्या भाषेत सांग.

"शेठ, काळजी करू नकात," मी म्हटलं. "सगळां आसा तसांच चलतला."

माझा आवाज जरासुद्धा कापला नाही. शेठ हसला. "गुरवाचां चेडू तू. खोटां कित्याक सांगशीत?" मग साहेबाकडे वळून म्हणाला, की माझी तयारी आहे, पण सोमवारी देवाला विचारतो. उजवा मिळाला तर तिथेच सही करतो. डावा मिळाला तर तुम्ही आपल्या वाटेने जा, आणि पुन्हा या कामासाठी येऊ नका.

गाडीत बसल्यावर साहेब पोट धरून हसला. "तीन महिन्यांचं काम आणि फुलाची पाकळी ठरवणार?" मग हसता हसता थांबला. "तो काय म्हणाला? तू गुरवाची मुलगी. म्हणजे ती पाकळी चिकटवतो कोण?"

"बाबा," मी म्हटलं.

तो खिडकीबाहेर बघायला लागला. "बघ जमलं तर," एवढंच म्हणाला. धमकी नाही, आमिष नाही. उद्या कोणी विचारलं तर त्याने काही सांगितलंच नव्हतं.

मी गावच्या घरीच मुक्कामाला राहिले. रविवारी पहाटे बाबा घरामागच्या परड्यात फुलं काढत होता. मी परडी धरून मागे मागे फिरले. लहानपणी अशीच फिरायचे. त्याच काळात एकदा मी त्याला विचारलं होतं, की अंगठा जरा हलका लावला तर पाकळी लवकर पडेल ना? तेव्हा त्याने आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं माझ्या तोंडात मारलं होतं. गाल दोन दिवस दुखत होता. तरी मी त्याच माणसासमोर उभी राहून म्हटलं, "बाबा, उद्या उजवो पडाक व्हयो."

तो फुलं काढायचा थांबला. "देवाक व्हयो आसात तर पडात."

"तसां नाय. पडाकच व्हयो."

त्याला समजलं. मानेच्या शिरा ताठ झाल्या. मला वाटलं आता परत थोबाडीत बसणार. बसली असती तर बरं झालं असतं! पण मी तेवढी संधीच दिली नाही. "डावो पडलो तर माका कामावरसून काढतले," मी म्हटलं. "सायबान सांगल्यान हा. कर्ज काढून शिकलंय, खंय जावू मगे?"

हे खोटं होतं. अगदी साफ खोटं. नोकरी पक्की झाल्याचं पत्र चार दिवसांपूर्वीच माझ्या मोबाइलवर आलं होतं. डावा पडला असता तर साहेब चार शिव्या हासडून पुढच्या कामाला लागला असता, आणि मीही. मला फक्त ती मान हलायला हवी होती. त्या एका मान हलवण्यासाठी मी बाबाच्या काळजात सुरी घातली, आणि ती नेमकी कुठे घालायची हे मला ठाऊक होतं, कारण मी त्याची मुलगी होते.

बाबाने परडी माझ्या हातातून घेतली आणि घरात गेला. त्या दिवशी तो जेवलाही नाही. आईने विचारलं तेव्हा उपास आहे म्हणाला.

सोमवारी सकाळी देऊळ माणसांनी भरलं. कारखान्याला अर्ध्या दिवसाची सुट्टी होती. फोडणीच्या बायका सभामंडपाबाहेर ओळीने उभ्या होत्या, आई त्यांच्यातच. साहेब बूट काढून मोज्यांवर उभा होता आणि फोटो काढू का म्हणून मला हळूच विचारत होता. बाबा आंघोळ करून ओलेत्याने आत गेला. पाकळ्या पाण्यात बुडवल्या. आधी डावी लावली, मग उजवी. मी पुढे सरकून त्याच्या अंगठ्याकडे बघत होते. काही कळलं नाही. पाठ मध्ये आली.

मग त्याने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आज ह्यो तुझो लेक तुझ्या पायांकडे इलोहा."

"व्हय म्हाराजा!" सगळा मंडप म्हणाला.

"आपल्या हातान उभो केलेलो कारखानो दुसऱ्याच्या हातात देवचो काय नाय, तां तुका इचारता हा. देवचो आसात तर उजवो दी, नसात तर डावो दी."

"व्हय म्हाराजा!"

"आणि म्हाराजा, तेच्यार पोट आसलेल्या बायकांचां बरां कर. तेंका उघड्यार टाकू नको."

"व्हय म्हाराजा!" बाहेरच्या बायकांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. त्यात आईचा मला वेगळा ऐकू आला. मीही म्हटलं. साहेबाने कोपराने ढोसलं, काय म्हणतायत म्हणून. नंतर सांगते म्हटलं.

दोन्ही पाकळ्या चिकटून बसल्या होत्या. शेठने डोळे मिटले होते. बाबा पाषाणासमोर हात जोडून उभा होता, पण देवाकडे बघत नव्हता. मान खाली घालून आपल्याच हातांकडे बघत होता. आणि उजवी पाकळी पडली.

शेठ लहान मुलासारखा रडला. देवळाच्या पायरीवर बसून त्याने सही केली. साहेबाने माझ्याकडे बघून मान हलवली. जी हवी होती तीच. मला वाटलं होतं त्याहून ती लहान होती, आणि लगेच संपली.

परतीच्या गाडीतून मी बाबाला फोन केला. "बाबा, तुमचे उपकार कधी विसरूचंय नाय," मी म्हटलं. तो म्हणाला, "कसले उपकार?" आणि फोन ठेवला. महिन्याभरात त्याने कौल लावायचं काम चुलतभावाकडे दिलं. हात थरथरतो असं सगळ्यांना सांगितलं. कसला थरथरतो, डोंबल! त्याच हाताने तो अजून आईला सुई ओवून देतो.

दुसऱ्या वर्षाचीही वाट नव्या कंपनीने बघितली नाही. आठव्या महिन्यात फोडणीचा हॉल बंद झाला. मी तयारच होते, की बायका मोर्चा काढतील, शेठच्या दारात जाऊन शिव्या घालतील, कोणीतरी माझं नाव घेईल. मी तर उत्तरंही ठरवून ठेवली होती. पण कोणी काही केलंच नाही. मी फोनवर आईला विचारलं, तुम्ही गप्प कशा बसलात गो? ती म्हणाली, "देवान उजवो दिल्यान बाय. आता कोणाच्या नावान बोटां मोडू?" आमच्या साहेबाने हजारो रुपये तासाला घेणारे वकील बसवले असते तरी साठ बायकांची तोंडं इतकी बंद झाली नसती. देवाने ती फुकट बंद केली होती. शेठ तेवढा आमच्या दारावरून जायचा बंद झाला. बाजाराला लांबच्या वाटेने जातो म्हणे.

त्या वर्षी चतुर्थीला मी तो ठोकळा घेऊन घरी गेले. कशाला नेला? मिरवायला, दुसरं काय! आईने तो दोन्ही हातांनी घेतला, आणि मला तिचे हात दिसले. काळे डाग जाऊन बोटं गोरी झाली होती. इतक्या वर्षांत मी ती गोरी बघितलीच नव्हती. दुसऱ्याच्या हातांसारखी दिसत होती. "इतकी वर्षां घासून गेला नाय, काम गेल्यार गेला," ती हसून म्हणाली. मग शेजारणींना बोलावून तिने ठोकळा दाखवला. माझ्या चेडवाक बक्षीस मिळाला म्हणाली. त्या सगळ्या फोडणीच्याच बायका, सगळ्या आता घरी बसलेल्या. ठोकळा एकीच्या हातातून दुसरीच्या हातात गेला. शेजारच्या काकीने तो उजेडासमोर धरला, एक डोळा मिटून आतला काजू नीट पारखला आणि म्हणाली, "अख्खो गर हा गो. तुकडो नाय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मला त्या क्षणी तिथून पळून जावंसं वाटलं. पण मी मोदक खाल्ले.

बाबाने ठोकळ्याला कधी हात लावला नाही. माझ्याशी तो बोलायचा, पण जेवलंस काय, गाडी किती वाजता, एवढंच. मी पुढे शिकत गेले, वर चढत गेले. आता माझ्या हाताखाली मुली आहेत आणि माझ्या ड्रॉवरमध्ये पट्टी आहे. बाबा देवळात जातो, पण गाभाऱ्याच्या उंबऱ्याच्या आत नाही. अंगण झाडतो, समई घासून ठेवतो आणि बाहेर बसतो. कोणी अडलेला माणूस लांबून आला आणि चुलतभाऊ गावात नसला, तरी तो पाषाणाला हात लावत नाही. माणूस तसाच परत जातो.

गेल्या वर्षी न राहवून मी त्याला विचारलं. देवळाच्या अंगणात तो केरसुणी टेकवून बसला होता. आजूबाजूला कोणी नव्हतं.

"बाबा, त्या दिवशी तुमी अंगठो हलको लावल्यात?"

मला वाटत होतं तो हो म्हणेल आणि मी पायावर डोकं ठेवीन. किंवा नाही म्हणेल आणि मी सुटेन. सगळं देवावर ढकलून मोकळी होईन.

"म्हायत नाय," तो म्हणाला.

"असां कसां म्हायत नाय?"

"नाय म्हायत." त्याने उजवा अंगठा पुढे धरला आणि बघत राहिला. "इतकी वर्षां पाकळी लावलंय, माझां अंगठ्याकडे कधी लक्ष गेलां नाय. त्या दिवशी सगळां लक्ष अंगठ्याकडेच. देवाकडे नव्हतांच. उजवी पडली. देवान पाडल्यान काय मिया, तां कोणाक इचारू? इचारूचां झाला तर तेकाच. आणि तेका इचारूचो हात ह्योच."

सांगायला हवं होतं, की बाबा, मी खोटं बोलले, नोकरीला काही होणार नव्हतं, पत्र आलं होतं. शब्द ओठांवर होते. मग त्याने मान वर केली. तीन वर्षांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. गाऱ्हाणं घालून झाल्यावर माणसं पाषाणाकडे बघतात, तसं.

"पण तुझी नोकरी तरी वाचली मां गो बाय?"

"व्हय," मी म्हटलं.

"मगे झाला," तो म्हणाला, आणि उठून उरलेलं अंगण झाडायला लागला.